कपाशीत पडलेला कंदील

बदनापुरात माझ्या शेजारी उडत्या तबकड्या शोधणारा एक रिटायर क्लार्क राहतो. आधी कुणी आभाळात उजेड पाहिला की तो सायकलीवर जाऊन चौघांना विचारायचा. विमान निघालं तर हसत सांगायचा. ब्लॉग लिहायला लागल्यापासून तो ओट्यावरूनच विचारतो आणि उत्तर संपायच्या आधी मोबाइलवर लिहितो. मी एका रात्री आभाळात एक दिवा पाहिल्याचं सांगितलं, त्यानं माझ्या नावावर तीन लिहिले. दुसऱ्या दिवशी लग्नात उडवलेला कागदी कंदील माझ्या कपाशीत सापडला. मी तो त्याच्यापुढं ठेवला.

"मावशी, कुणाला बोलू नका. लोक वाचून राह्यले."

"मंग माझं नाव काढ."

"आता न्हाई जमत."

त्यानं कंदील पिशवीत कोंबला. मी तो परत काढून घेतला आणि माझ्या दारावर टांगला. तेव्हापासून तो मागच्या गल्लीनं जातो.