गळणारा पंप

टूलबॉक्सच्या तळाशी आज जुन्या पंपाचं एक झिजलेलं रबरी सील सापडलं. त्याला अजून सिरक्याचा वास आहे. आंबागडच्या पायथ्याशी आमचं जांभळाच्या सिरक्याचं छोटं युनिट आहे आणि तो पंप होता तेव्हाही पंपाच्या खोलीत दिवसभर मी एकटीच असायची. सिरक्यानं सील खाल्लं की पंपाखाली जांभळे थेंब गळायला लागायचे. मग मी फोन करायची आणि तुमसरहून फिटरकाका मोटारसायकलवर यायचे. ते सील बदलेपर्यंत मी चहा ठेवायची. ते बैलांच्या, नातवंडांच्या गोष्टी सांगायचे आणि ती खोली तेवढा वेळ घरासारखी वाटायची. एकदा युनिटच्या मालकांनी चुंबकाचा पंप आणला. तोही काकांनीच बसवला. "याच्यात सीलच नाही, बाई. बाहेरचा चुंबक आतला पंखा हात न लावता फिरवते. आता एक थेंब नाही गळत." मी विचारलं, "मंग आता तुमी कायले याल?" ते हसले. "गळला का फोन करजो." चहा संपवून, पाना पुसून ते गेले. पंप फार चांगला निघाला. अजूनही रोज सकाळी खोली उघडली की मी आधी त्याच्याखाली बोट फिरवून बघते. कोरडंच निघतं.