घुंगटो आणि खोट्या मिशा

"अय्या, हे तर नवरात्रात मुली गरब्याला घालतात तसलं!"

होणाऱ्या विहीणबाईंनी माझ्या आईचा घुंगटो, आरसे-कवड्यांची ओढणी, दोन बोटांत धरून वर उचलला. गिरगावातलं त्यांचं घर. तीन पिढ्या कारकुनी, आता मुलगा मोठ्या कंपनीत. माझी लेक त्याच घरात जाणार.

"दादरला भाड्यानेही मिळतं हो," त्या म्हणाल्या. "हे जुनाट कशाला?"

मी सांगितलं, "भाड्याचं नाही. माझ्या आईने शिवलंय. आमच्यात नवरी हे डोक्यावर घेते."

व्याही समजूतदारपणे हसले. "असं करू. फोटोसाठी कोपरा करणार आहोत ना, खोट्या मिशा, मोठे चष्मे, टोप्या? तिथे ठेवू. पाहुणे डोक्यावर घेतील, फोटो काढतील. तुमची परंपराही दिसेल."

सगळे हसले. मीही हसले. आणि म्हणाले, "चालेल."

हे मला लिहायलाच हवं. त्यांनी अपमान केला, पण "चालेल" मी म्हणाले.

आम्ही बंजारा. आईवडील तांड्यातून मुंबईत रस्त्याच्या कामाला आले आणि घोडपदेवच्या चाळीत राहिले. मी परळच्या एका रुग्णालयाच्या भांडारात मोजणी करते. सुया, हातमोजे, पट्ट्या. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून घुंगटोही मोजलाय. कपाळावर येणारा पट्टा एक वीत रुंद. आरसे एकशे अठ्ठ्याऐंशी. कवड्या बेचाळीस. दिवसभर खडी उचलून आल्यावर आईने तो अकरा महिने शिवला. आईला वाचता येत नाही, पण टाक्यांचा हिशेब कधी चुकला नाही.

तो तिने माझ्यासाठी शिवला होता. माझ्या लग्नासाठी.

आमची नवरी सासरी निघताना घुंगटो पुढे ओढून ढावलो गाते. रडत गायचं गाणं. बाप, भाऊ, काका, एकेकाला हाक मारून विचारायचं, मला का धाडता? एरवी ज्यांच्यापुढे तोंड उघडायचं नाही, त्यांना त्या दिवशी ऐकून घ्यावंच लागतं. घुंगटोखालच्या बाईला कोणी गप्प करत नाही. म्हणून आई तो मुलीला स्वतः शिवून देते. विकतचा चालत नाही.

मी तो नाकारला. सत्तावीस वर्षांपूर्वी शालू नेसून, गप्प राहून सासरी गेले.

कारण जुनं. मी चौथीत होते. आई निकालाला शाळेत आली. अंगात फेटिया, म्हणजे आमचा आरशांचा घागरा, वर कांचळी. बाई वर्गासमोर म्हणाल्या, "डोंबाऱ्याचा खेळ करायला आलीस का गं? दोरी कुठाय?" पंचेचाळीस मुलं हसली. तेव्हाही मी हसले. घरी येऊन आईला म्हटलं, "याडी, शाळेत येऊ नकोस." दुसऱ्या दिवशी तिने साधं लुगडं नेसलं. पुन्हा फेटिया घातला नाही. मला एक शब्द बोलली नाही.

गिरगावातून घरी आले तर आई खिडकीशी बसली होती. शहात्तर वर्षांची. नातीच्या डोक्याचं माप तिने दोऱ्याने घेऊन ठेवलं होतं, दोऱ्याला गाठ मारून. पट्टा त्या मापाला बसवायचा होता.

"आण," ती म्हणाली. "चार आरसे सैल झालेत."

मी हातातली घुंगटोची पिशवी सोडली नाही. सगळं सांगितलं. मिशा, टोप्या, गरबा. माझं "चालेल"सुद्धा.

आईने दोरा बोटाला गुंडाळला. "तू नको म्हणालीस तेव्हा मी गप्प बसले. तू माझी लेक होतीस. हे माझे कोण?"

तिने हात पुढे केला.

"दे इकडे. तुला दिला होता. त्यांना नाही दिला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी विहीणबाईंना फोन लावला.

"काल मी चालेल म्हणाले, ते चुकलं. चालणार नाही. घुंगटो फोटोच्या कोपऱ्यात येणार नाही."

"अहो, गंमत होती! इतकं मनाला लावून घ्यायचं?"

"गंमत तुमच्या पैठणीची करा. पाहुण्यांना द्या डोक्यावर बांधायला."

त्यांचा आवाज बदलला. "मुलीला विचारलंत का? तिचं लग्न आहे. तुमच्या हट्टापायी तिचं काही बिघडायला नको."

ही धमकी होती. मला कळली.

लेकीला विचारलं होतं. ती म्हणाली, "आई, मला अजून ठरवता येत नाहीये. मी विचार करतेय." मी तिच्यावर जबरदस्ती करणार नाही. माझ्यावरही कोणी केली नव्हती. ती डोक्यावर घेईल किंवा नाही घेणार. ढावलो गाईल किंवा नाही. तिचं ती बघेल.

माझं मी ठरवलंय. आईचा फेटिया काढून वाळवलाय. घेर साडेसात मीटर, कंबर मला चार बोटं कमी पडते, आई उसवून वाढवतेय. कांचळीची पाठ उघडी असते, नुसत्या दोऱ्या. त्रेपन्नाव्या वर्षी माझी पाठ गिरगावकरांना दिसणार. दिसू दे. नवरा म्हणाला, "लोक बघतील गं." म्हटलं, "त्यासाठीच."

विहीणबाईंचा निरोप आला आहे. मुलीच्या आईने तरी पैठणीच नेसावी, पाहुणे बरेच आहेत.

काल मी हॉल बघून आले. दारं दोन आहेत. पुढच्या दारात फेटिया-कांचळी घालून मी पाहुण्यांचं स्वागत करणार, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. ज्यांना लाज वाटते त्यांनी मागच्या दाराने यावं.