दोन किलवरचा खुलासा

रामजी साळवी सरांबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते सगळं मला डॉक्टर चिंतामणी गांगलांनी सांगितलं, आणि तेही सरांच्या तोंडावर, सर समोर पत्ते धरून बसलेले असताना. सरांनी त्यातला एक शब्द खोडला नाही, कारण नियमाने त्यांना बोलता येत नव्हतं. डॉक्टरांना गप्प बसता येत नव्हतं, तेही नियमानेच. हे कसं, ते आधी सांगतो. ज्यांना ब्रिज येतो त्यांनी एवढं सोसावं.

ब्रिज चौघांचा. समोरासमोर बसतात ते जोडीदार. पानं वाटली की आधी बोली लागते, हुकूम कुठला आणि हात किती करणार त्याची. जोडीदाराला आपली पानं कळवायची ती फक्त या बोलीतून. खाकरायचं नाही, भुवई उडवायची नाही. म्हणून जोड्या आपसात ठरवून ठेवतात की अमुक बोलीचा अर्थ तमुक. पण ठरवलेलं गुपित ठेवता येत नाही. विरोधकानं विचारलं की सगळं सांगावं लागतं, आणि सांगायचं ते बोली लावणाऱ्यानं नव्हे, त्याच्या जोडीदारानं. मी तहसील कचेरीत कारकून आणि महाडच्या ब्रिज मंडळाचा सेक्रेटरी. मंडळ म्हणजे हैबतीशेठच्या भातगिरणीमागच्या खोलीतलं एक टेबल. टेबल एक असो की शंभर, नियम म्हणजे नियम, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

सर पोलादपूरच्या शाळेत गणित शिकवायचे, डॉक्टर तिथल्याच गुरांच्या दवाखान्यात. राहायला दोघं महाडात. रोज सकाळी एकाच एसटीनं जायचे आणि त्या सीटवर बसून त्यांनी आपली बोलीची पद्धत बांधली. कंडक्टर सांगायचा की हे दोघं चढले की मागचे उतारू घाबरतात. एक म्हणतो, तुझ्याकडे एक्का नसला तर मी मेलो. दुसरा म्हणतो, मेलास तर मेलास, पण राजा दाखवून मर. अशी जोडी तेव्हाच्या उभ्या कुलाबा जिल्ह्यात नव्हती.

मग चौऱ्याहत्तर साली अलिबागची स्पर्धा आली. शेवटच्या डावात डॉक्टरांनी एक नो-ट्रम्प म्हटलं, म्हणजे हुकमाशिवायचा डाव. सरांनी थेट चार नो-ट्रम्प लावलं. सरांच्या मनात होतं, तुझ्याकडे एक्के किती? डॉक्टर समजले, पानं जोरदार असतील तर वर जा, नाहीतर थांब. डॉक्टर थांबले. चारची बोली म्हणजे सहावर चार, दहा हातांची, झाले तेराच्या तेरा, आणि करंडक दुसऱ्यांनी नेला. दोन्ही अर्थ पुस्तकात बसतात, मी नंतर पाहिलं. पण परतीच्या गाडीत दोघांनी एकमेकांना जे म्हणायचं ते म्हणून घेतलं आणि त्यानंतर बोलणं टाकलं ते टाकलंच.

गावाला हे पटेना. पत्त्यांवरून कोणी असं करतं का, बांधावरून असेल, पैशावरून असेल. एका शहाण्यानं ते जातीवर नेऊन पाहिलं, सर बौद्धवाडीतले आणि डॉक्टर बामणआळीतले म्हणून. दोघांनी एकमेकांना न विचारता त्याला आपापल्या ओट्यावरून हाकलून दिलं. भांडण चार नो-ट्रम्पचं होतं आणि त्यात दुसरं काही कालवलेलं त्यांना खपत नव्हतं.

मला वाटलं, टेबल मोडलं. तर पुढच्या शनिवारी दोघं आले आणि समोरासमोर बसले. दुसऱ्या कोणाबरोबर खेळायचं तर अख्खी पद्धत पुन्हा शिकवा, तेवढा जीव कोणाला. एसटीतली सीटही तीच राहिली. सर खिडकीतून सावित्री नदी बघायचे आणि डॉक्टर सरांच्या डोक्यावरून सावित्री बघायचे.

अडचण अशी की पद्धतीत सुधारणा तर करायला हव्यात आणि बोलायचं तर नाही. तेव्हा त्यांनी मला, म्हणजे टेबलावरच्या विरोधकाला, कामाला लावलं. सर काहीतरी चमत्कारिक बोली लावायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. मी डॉक्टरांना अर्थ विचारायचा, डॉक्टरांनी तो मला सांगायचा आणि सरांनी ऐकायचा. असा मी वर्षानुवर्षं त्या दोघांमधला पोस्टमन होतो, आणि तोही बिनपगारी.

नियमात आणखी एक आहे. नुसतं ठरलेलं नव्हे, जोडीदाराच्या सवयीबद्दल अनुभवानं जे ठाऊक असेल तेही सांगायचं. डॉक्टरांनी हे कलम घट्ट धरलं. एकदा सरांच्या दोन इस्पिकचा अर्थ विचारला, तर म्हणाले, पाच इस्पिक आणि एक्का-राजांचे वगैरे मिळून बारा गुण, शिवाय यांचं गाव कशेडी घाटाच्या पायथ्याला, यांना खेळ शिकवला चुलते येसाजींनी. ते मिलिटरीत मेसवर होते, साहेबांच्या पाठीमागं उभं राहून शिकले. त्यामुळे हातात असतं त्यापेक्षा हे एक पायरी कमीच बोलतात. दुसऱ्या कुठल्या तरी बोलीवर कळलं की गुडघे दुखत असले की सर लवकर पास म्हणतात, आणि सव गावच्या गरम कुंडात बसून आले की आठवडाभर वरवर चढत जातात. तीन चौकटच्या खुलाशात तर डॉक्टरांची छत्री निघाली. सरांनी ती नेली होती आणि परत दिली नव्हती.

पुढच्या डावात डॉक्टरांनी आम्हाला डबल दिला, म्हणजे तुम्ही बुडणार असं बजावलं. मी सरांना अर्थ विचारला. सरांनी शांतपणे सांगितलं की डबल खराच आहे, पण डॉक्टरांच्या हातून काल एक गाभण म्हैस दगावली, रात्री ते झोपलेले नाहीत, तेव्हा आज त्यांच्या डबलवर कोणी विसंबू नये. आणि छत्री गिरणीच्या खुंटीला आहे.

माझे जोडीदार हैबतीशेठ म्हणायचे, पत्ते खेळायचे तरी कधी? पण ऐकायला गिरणीतले हमालसुद्धा दाराशी यायचे. सरांचं लग्न, त्यांच्या ललिताचा गोवर, बढतीत त्यांना डावललं ते, सगळं महाडला बोलींच्या खुलाशातून कळलं. नवरा-बायकोला एकमेकांचं इतकं ठाऊक नसतं. मला हसूही यायचं आणि चीडही यायची, कारण नियम मीच धरून बसलेला, आता मोडणार कसा.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात सरांच्या पत्नी मंजुळावहिनी आमच्या दारात आल्या. संस्थेनं सरांना हेडमास्तर केलं होतं, पण पार पनवेलच्या पलीकडल्या शाळेत. सर हो म्हणेनात की नाही म्हणेनात. घरात नुसते पत्ते पिसत बसत.

"भाऊ, त्यांना जायाचं नाय," वहिनी म्हणाल्या. "पन ते तोंडानं सांगनार नायत. डाक्टरनी एकदा नको जाऊ म्हटलं तर हलायचे नायत. तुमी इचारा डाक्टरला. तुमचाच नियम हाय ना तो?"

त्या शनिवारी सरांनी एक नो-ट्रम्प म्हटलं. हैबतीशेठ पास. डॉक्टर म्हणाले, दोन किलवर. माझी पाळी आली तेव्हा मी आधी डॉक्टरांना सरांच्या बोलीचा अर्थ विचारला. पंधरा ते सतरा गुण, म्हणाले आणि थांबले. मी विचारलं, अनुभवानं आणखी काही?

"यांना काय हवंय ते हे कधी सांगत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "समोरच्यानं ओळखायचं. नाही ओळखलं की संपलं."

मग मी सरांकडे वळलो आणि डॉक्टरांच्या दोन किलवरचा अर्थ विचारला. ही बोली सगळीकडे एकच काम करते. किलवरशी तिचा काही संबंध नसतो, तो नुसता एक प्रश्न असतो. दाराशी उभा असलेला हमाल आत जाऊन गिरणी बंद करून आला.

"विचारतायत," सर पानांकडे बघत म्हणाले. "माझ्याकडे चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का, एवढंच विचारतायत. दुसरं काही विचारत नाहीत. इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही."

मी पास म्हटलं. सर म्हणाले दोन बदाम, म्हणजे चार बदाम आहेत. मग हैबतीशेठ पास, डॉक्टर पास, मी पास. बोली संपली. हैबतीशेठ पहिलं पान टाकणार तोच डॉक्टरांनी हात आडवा धरला.

"जोडीदाराचा खुलासा चुकला असेल तर पहिलं पान पडायच्या आत दुरुस्त करायचा असतो ना?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. "मग माझ्या दोन किलवरचा खुलासा चुकीचा दिला गेलाय. मी बदाम विचारत नव्हतो, इस्पिकही विचारत नव्हतो. नको जाऊस म्हणत होतो."

इथं नियम अगदी स्पष्ट आहे. खुलासा ठरल्याप्रमाणे बरोबर होता. चुकली होती ती बोली, आणि चुकलेल्या बोलीची दुरुस्ती अशी सांगता येत नाही. सेक्रेटरी म्हणून मी तिथल्या तिथं हरकत घ्यायला हवी होती. मी हरकत घेतली नाही आणि त्याचं मला तिळमात्र वाईट वाटत नाही.

हैबतीशेठनी चौकटचं पान टाकलं. बोली जिंकणाऱ्याच्या जोडीदारानं आपली पानं उघडी मांडायची असतात, तशी डॉक्टरांनी मांडली. तीन बदाम, दोन इस्पिक, बाकी सगळा किलवर-चौकटचा पाचोळा. आपल्याकडे चार बदाम किंवा चार इस्पिक नसताना, असल्या पानांवर दोन किलवर शेंबडं पोरही म्हणालं नसतं. सरांनी त्या पानांवरून नजर डॉक्टरांकडे नेली.

"चिंतामणी," सर म्हणाले. अलिबागनंतर हे नाव आम्ही त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "मी काल संस्थेत जाऊन हो सांगून आलो. म्हटलं, हा तर काही बोलत नाही."

हे मंजुळावहिनींनाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी विचारलं, "मग आता?"

"आता हे दोन बदाम खेळायचे," सर म्हणाले. "दोघांत मिळून सात हुकूम आहेत. होतील तेवढे हात करू. ती छोटी चौकट दे."

डॉक्टरांनी पान उचलून मध्ये सरकवलं.