चुन्याच्या डबीतली पांढरी गोळी

तुमच्या घरातलं वडीलधारं माणूस रोज कुठल्या गोळ्या घेतं, हे तुम्हाला सांगता येईल का? रंग नको, आकार नको. नाव सांगा, आणि ती कशासाठी घेतात ते सांगा. मला कुणी विचारलं असतं तर मी मान ताठ करून हो म्हटलं असतं, कारण माझं लिहिणं आणि भांडणं गेली दोन वर्षं याच विषयावर चाललं होतं. आणि तरीही... सहा आठवड्यांपूर्वी एका सकाळी मी कामतघरला बाबांच्या छापखान्यात लग्नपत्रिकेची प्रुफं तपासत होते, तेव्हा मामीचा फोन आला. मामा अंगणातल्या नळावर तोंड धुता धुता खाली बसले ते उठलेच नाहीत, उजवा हात हलत नाही, काय बोलतात ते कळत नाही. ठाण्याच्या रुग्णालयात तीन दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला आहे. चौथ्या दिवशी आम्ही हिराजीमामांना गावी परत आणलं ते चार खांद्यांवर न्यायला.

हिराजीमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मानकोलीच्या अलीकडे खाडीला लागून त्यांचं गाव. तरुणपणी भातशेती आणि पावसाळ्यात खाडीत जाळं, एवढाच त्यांचा संसार होता. पुढे शेतांवर गोदामं उभी राहिली आणि मामांच्या हाताला काम उरलं नाही. पोट सुटलं, हात मऊ झाले. पण डोळा मात्र जुनाच राहिला. बाजारात ते मासा घ्यायला गेले की विकणारीला धडकी भरायची. गलफडं उघडून लाली बघायची, पोट दाबायचं, डोळ्यांत डोळा घालून बघायचं, आणि मग पाठ फिरवून निघायचं. मी लहान असताना त्यांच्याबरोबर जायचे. ते म्हणायचे, "बाय, बर्फात ठेवलेला म्हावरा तोंड मिटून असतो. त्याचा तोंड आपन उघडायचा." मामीला बघायला गेले तेव्हाही त्यांनी असंच निरखून बघितलं होतं, असं मामी अजून सांगते आणि त्यांना शिव्या देते. द्यायची, असं लिहायला हवं. पण शिव्या ती अजून देते.

मी वाढले ती पत्रकांच्या गठ्ठ्यांत. बाबा छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे, मी घडी घालायचे. गिरणीच्या दारातली, पाण्यासाठीच्या मोर्च्याची, अंगात येणाऱ्या बुवाबायांच्या विरोधातली. बालभारतीच्या आधी मी 'बंधूंनो आणि भगिनींनो' वाचायला शिकले. त्यामुळे मला संशय घ्यायला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. छापील कागदाने छापील कागदाला खोटं पाडता येतं, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता. आमच्या घरातल्या माणसांत माझं आणि मामांचं जमायचं ते यामुळेच. ते माशाचं तोंड उघडायचे, मी कागदाचं.

म्हणूनच त्यांचा तो डबा बघितला तेव्हा मला चीड आली. मामांच्या आईचा पितळी पानाचा डबा होता. आत पानांसाठी मोठा कप्पा, सुपारीला, काताला, लवंगेला छोटे कप्पे, आणि कोपऱ्यात झाकणाची चुन्याची डबी. कामतघरच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर वाढलंय असं सांगून मामांची तंबाखू बंद केली, त्या दिवसापासून डबा रिकामा झाला. विडी त्यांनी चोरून चालू ठेवली ती गोष्ट वेगळी. जेवण झाल्यावर डबा पुढ्यात ओढून झाकण उघडायची हाताची सवय काही जाईना. मग त्या रिकाम्या कप्प्यांत गोळ्या आल्या. पट्ट्या त्या कप्प्यांत मावत नव्हत्या म्हणून मामा नवी पट्टी आली की बसून एकेक गोळी बाहेर काढायचे, शेंगा सोलल्यासारख्या, आणि चकाकणारा कागद चुलीत टाकायचे. सुपारीच्या जागी लाल, काताच्या जागी पिवळ्या तेलकट कॅप्सूल, लवंगेच्या जागी हिरव्या चपट्या. घरी कुणी पाहुणा आला की जेवणावर मामा डबा त्याच्याही पुढे सरकवायचे. "घ्या, एक ताकदीची घ्या." आणि पाहुणेही घ्यायचे! आमच्याकडे पानाला नाही म्हणायची पद्धत नाही, त्या जागी ठेवलेल्या गोळीलाही कुणी नाही म्हटलं नाही. मी हसले होते. 

एवढ्या गोळ्या आल्या कुठून, तर जावयाकडून. मामांचा जावई जयेश एका कंपनीचं सामान विकायचा. दुकानात न मिळणारं, माणसाकडून माणसाकडे जाणारं. गोदामांना जमीन दिलेल्या घरांत ही माणसं बरोबर शिरली होती, कारण तिथे वेळ होता, पैसा होता आणि काम सुटल्यामुळे अंग दुखायला लागलं होतं. शुक्रवारी आमच्या भागातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असायचे, तेव्हा एका रिकाम्या गोदामात त्यांची सभा भरायची. एकदा मीही गेले. पडद्यावर तरुण होणारी म्हातारी माणसं, टाळ्या, आणि हातात एक गुळगुळीत पुस्तिका. दर पानावर 'संशोधनाने सिद्ध'. मी उठून विचारलं की कुणाचं संशोधन, कुणावर केलं, कुठे छापलं? जयेश भावोजी हसले. "ताई, तुम्ही कागदवाले. आम्ही रिझल्टवाले." सभेतली माणसं हसली. मामाही हसले, पण माझ्याकडे बघून नाही.

घरी येताना मी त्यांच्यावर उखडले. मासा घेताना एवढी पारख करता आणि हे डोळे मिटून गिळता? मामा चालता चालता म्हणाले, "जावयाच्या हातचा नय म्हनता येत नय गं. पोरगी त्याच्या घरान हाय."

ते वाक्य मला तेव्हा समजलं नाही असं नाही. पण मला लढाई हवी होती.

मी महिनाभर मुंबईतल्या वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात ओळख काढून जात होते. तिथे शिकवणाऱ्या एका बाईंनी मला संशोधनाचे निबंध कसे वाचायचे ते दाखवलं. आधी बघायचं की दोन गट केले होते का, एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तसलीच दिसणारी खोटी गोळी दिली होती का, किती वर्षं पाहिलं, पैसे कुणी दिले. मला ते गलफडं उघडण्यासारखं वाटलं. आणि आतून जे निघालं ते जयेश भावोजींच्या पुस्तिकेच्या उलट होतं. नीट जेवणाऱ्या, अंगात काही कमी नसलेल्या माणसाला जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी जास्त आयुष्य मिळतं असं दिसत नव्हतं. सर्दी होऊ नये म्हणून रोज घेतलेल्या सी जीवनसत्त्वाने बहुतेकांची सर्दी टळत नव्हती. काही जीवनसत्त्वं अंगात साठून राहतात आणि जास्त झाली की अपाय करतात. आणि गाजरातलं जे तत्त्व कॅन्सर रोखेल म्हणून धूम्रपान करणाऱ्यांना कॅप्सूलमधून दिलं गेलं, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर उलट जास्त निघाला. त्यातला एक प्रयोग तर त्यामुळे मुदतीआधीच थांबवावा लागला. मामांच्या काताच्या कप्प्यातल्या पिवळ्या कॅप्सूलमध्ये तेच तत्त्व होतं, आणि मामांच्या उशीखाली विडीचं बंडल. 

पण त्याच निबंधांत दुसरंही लिहिलेलं होतं. गरोदरपणाआधी आणि सुरुवातीच्या दिवसांत घेतलेलं फॉलिक ॲसिड बाळाच्या मणक्याचं व्यंग टाळतं. रक्त कमी असलेल्या बाईला लोहाची गोळी उपयोगी पडते. रक्तदाबाची साधी, जुनी गोळी लकव्याचा धोका कमी करते, आणि हे तशाच दोन गटांत, तसंच वर्षानुवर्षं पाहून ठरलेलं. ज्या पारखीने जयेश भावोजींची कॅप्सूल नापास झाली, त्याच पारखीने ही गोळी पास झाली होती. हे मी वाचलं होतं. वहीत उतरूनही घेतलं होतं.

मग मी पत्रक लिहिलं. 'ताकद बाटलीत नसते.' पाव कागदाचं, पाच मुद्द्यांचं. पाचवा मुद्दा होता, 'डॉक्टरांनी कायम ठेवलेलं औषध आपल्या मनाने बंद करू नका.' बाबांनी मजकूर लावला तेव्हा तो पानात बसेना. ते म्हणाले, अक्षर एक नंबर बारीक करू, बसेल. मी म्हटलं नको, अक्षर बारीक झालं की धार जाते, आणि शेवटी डॉक्टरांचं ऐका म्हटल्यावर आधीचं सगळं मिळमिळीत होतं. बाबा चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "पत्रक वाचणारा पत्रकच वाचतो, तुझी वही नाही वाचत," एवढंच म्हणाले आणि पाचवी ओळ त्यांनी काढून ठेवली. त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द जुळवले होते. मी ऐकलं नाही.

कामतघरच्या चाळींत, अंबाडीच्या बाजारात, मानकोलीच्या नाक्यावर मी ते पत्रक स्वतः वाटलं. पहिलं मामांना दिलं. त्यांनी ओट्यावर बसून बोट फिरवत ते वाचलं, मला समोर बसवून, एक शब्द न गाळता. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात वर्गात पहिला आलेल्या मुलाचा आनंद होता.

"बाय, तुजा कागद पटला. समदा डबा साफ केला. जावयालाबी सांगितला, आता मना काय आनू नको."

मी आनंदाने ओरडलेच. जावयाला नाही म्हणणं त्यांना किती जड गेलं असेल हे मला ठाऊक होतं, आणि ते माझ्या चार ओळींनी त्यांच्याकडून करून घेतलं होतं. आमच्या कार्यकर्त्यांच्या पुढच्या सभेत मी ही गोष्ट नाव न घेता सांगितली, टाळ्या मिळवल्या. समदा म्हणजे काय काय, हे मी विचारलं नाही. एक प्रश्न. जो मी जयेश भावोजींना गोदामात उभं राहून विचारला होता, तसाच साधा एक प्रश्न.

दोन महिन्यांनी तो फोन आला.

दहाव्याच्या दिवशी खाडीवरून परतल्यावर मामीने डबा माझ्यापुढे ठेवला. आत बडीशेप होती, वेलची होती, खडीसाखर होती. चुन्याची डबी रिकामी. मामी ती उघडझाप करत म्हणाली, "हिच्यान ती पांढरी बारीक गोली असायची. दाबाची. ती लहान म्हनून हिच्यान ठेवायचे. तीबी गेली खाडीन, समद्यांच्या संगती." तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी पळवाट शोधली, हेही लिहून ठेवते. पुस्तिकेत कुठेतरी 'इतर औषधांची गरज उरत नाही' असं वाक्य होतं, ते मला आठवलं. म्हणजे मामांनी ती पांढरी गोळी जयेश भावोजींच्या नादाने आधीच सोडली असेल... मी मामीला तसं विचारलंही. मामी म्हणाली, नाही, तुझा कागद आला त्या दिवसापर्यंत रोज घ्यायचे, चुकले नाहीत एक दिवस. पट्टी असती, वरचं नाव असतं, तर मामीने कदाचित ती बाजूला काढली असती. पण पट्ट्या चुलीत गेल्या होत्या आणि डब्यात सगळ्या गोळ्या एकाच जातीच्या झाल्या होत्या.

कामतघरच्या डॉक्टरांकडे मी एकटी गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, एका माणसाच्या बाबतीत असं ठाम सांगता येत नाही. विडी होती, वजन होतं, वय होतं. गोळी चालू असती तर धोका कमी असता, एवढंच शास्त्र सांगतं. मग म्हणाले, "त्यांना पट्टी टाकू नका असं मी कधी बोललो नाही. मलाही डबा माहीत नव्हता." त्यांनी मला धीर दिला की आपला वाटा उचलला, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. जयेश भावोजी तेराव्याला समोर आले, मी वाट सोडून आत गेले.  त्यांची ती पुस्तिका आजही खोटी आहे, आणि ते मी पुढेही म्हणणार. पण खोट्या पुस्तिकेविरुद्ध मी जे पत्रक काढलं, त्यातली एकही ओळ चूक नव्हती आणि तरी ते अर्धं होतं. आणि अर्ध्या कागदावर माझं नाव मोठ्या अक्षरात होतं.

डबा मामीने मला दिला. तो छापखान्यात खिळ्यांचे खण ठेवायच्या लाकडी घोड्यावर ठेवला आहे. जेवणाच्या सुट्टीत हात आपोआप तिकडे जातो, झाकण उघडतं, बडीशेपेचा वास येतो. चुन्याच्या डबीत मी ती पाचवी ओळ ठेवली आहे. बाबांनी तिचे खिळे सोडले नव्हते. दोऱ्याने बांधून कपाटात ठेवले होते, कधीतरी लागेल म्हणून. एवढीशी डबी आहे, ओळ तीन तुकडे करून घालावी लागली.

आता तुम्हाला एक काम सांगते. ही पुरवणी खाली ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे जा. त्यांच्या गोळ्या जिथे असतील तिथून बाहेर काढायला सांगा. डब्यातून, पिशवीतून, उशीखालून. प्रत्येक गोळीचं नाव आणि ती कशासाठी, ते त्यांच्याशेजारी बसून लिहा. जिची पट्टी नसेल, जिचं नाव कळणार नाही, ती वेगळ्या पुडीत बांधा आणि त्यांना बरोबर घेऊन ती पुडी या आठवड्यात डॉक्टरांपुढे सोडा. त्यांनी सांगेपर्यंत त्यातली एकही गोळी फेकू नका. कुणाच्या पुस्तिकेवरून नाही, माझ्या पत्रकावरून नाही, आणि हा लेख वाचून तर अजिबात नाही.