आरशात पाहिलेला शेवटचा भाग

सलूनमध्ये टीव्ही कुठं लावावा, याचं शास्त्र कोणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून या दुकानात तो मागच्या भिंतीवर चढला. समोर आरसा, आरशापुढं दोन फिरत्या खुर्च्या, आणि मालिका बघायची ती आरशातून. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक आरशात बघणार, दाढी करणारे धाकटेही आरशातच. मान वळवायची सोय नाही. वस्तरा कोणाच्या तरी गळ्यावर असतो, आणि भुताची मालिका बघता बघता गिऱ्हाईकच भूत झालं तर निस्तरायचं कोणी?

धाकटे म्हणजे चांगले पन्नाशी उलटलेले गृहस्थ, टक्कल पडलेले. पण दुकान दोघा भावांचं. एक थोरले, एक धाकटे. नातवंड झालं तरी यांचं धाकटेपण काही सुटलं नाही.

थोरल्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी आपण होऊन वस्तरा खाली ठेवला. घरी मात्र बसले नाहीत. रोज दुपारी यायचे, आपली खुर्ची गर्रकन फिरवून आरशाकडे पाठ करायचे आणि टीव्हीकडे तोंड करून ऐसपैस बसायचे. अख्ख्या दुकानात मालिका सरळ दिसायची ती त्यांना एकट्यालाच. त्याचा तोरा तरी किती! धाकटे म्हणाले, "पोरगी डावखुरी आहे रे दादा," की हे खुर्चीतूनच ओरडायचे, "उलटं रे, उलटं! आरशात बघतोयस, गाढवा!" गिऱ्हाईकं हसायची. धाकट्यांना मग तशी सवयच लागली. डावं-उजवं लक्षात ठेवायला दादा आहे म्हटल्यावर आपण कशाला डोकं शिणवायचं?

मालिकेचं नाव 'मागच्या दारचा पाहुणा'. एक बाप मरतो आणि घरातच राहतो. दिसतो फक्त त्याच्या मुलीला. घराच्या शेवटच्या खोलीला दोन दारं, जुळ्या बहिणींसारखी. उजवं घरात उघडतं. डाव्यानं मेलेला माणूस बाहेर पडला, की कायमचा गेला. पर्वाच्या शेवटी बाप कुठल्या दारानं जाणार, यावर भावाभावांची पैज लागली होती आणि रोज जुंपायची.

"राहणार तो," धाकटे म्हणायचे. "पोटच्या पोरीला टाकून कसा जाईल?"

"जाणार. जायलाच पाहिजे," थोरले म्हणायचे. "मेलेल्यानं घरात घुटमळू नये. जिवंत माणसांची पंचाईत होते."

पर्व संपायला थोडे भाग राहिले असताना थोरले एका सकाळी चहा पिता पिता गेले. कप खाली ठेवायचीही उसंत मिळाली नाही.

धाकट्यांनी सगळं केलं, माणसं सांभाळली, वहिनींना सावरलं, आणि दुकान पुन्हा उघडलं. डोळा म्हणून ओला झाला नाही. बायको म्हणाली, "अहो, एकदा रडा तरी. असं दगडासारखं काय वागता?" ते म्हणाले, "येत नाही तर काय करू?" खरंच येत नव्हतं. जेवण घशाखाली उतरत होतं, झोप लागत होती, हात चालत होता. आत नुसतं बधिर होतं. दात काढल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं.

एवढंच, की थोरल्यांची खुर्ची टीव्हीकडे तोंड करून होती ती तशीच राहिली. केर काढतानाही ते तिला धक्का लागू देत नसत. कोणी लांबचं गिऱ्हाईक विचारायचं, "थोरले दिसत नाहीत?" धाकटे म्हणायचे, "आज आला नाही." खोटं म्हणावं तर खोटंही नव्हतं.

वहिनींचा भाऊ पक्का कारागीर. ज्या दुकानात होता ते बंद पडलं. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, यांची खुर्ची रिकामीच आहे. त्याला बसवता का कामाला?" धाकटे म्हणाले, "मालिका संपू दे, मग बघू." आता याला काय म्हणावं! वहिनींना बहुतेक कळलं असावं. बाप राहिला, तर खुर्चीही राहणार होती.

शेवटचा भाग दुपारी लागला, तेव्हा धाकट्यांच्या खुर्चीत एक बस कंडक्टर होता. तोंडाला फेस, डोळे आरशात. टीव्हीवर बाप उठला. मुलगी झोपलेली. तिच्या अंगावरचं पांघरूण त्यानं सारखं केलं आणि शेवटच्या खोलीत आला. संगीत नाही, शब्द नाही. दोन दारांपुढं तो उभा राहिला. धाकट्यांचा वस्तरा हवेत. बापानं एक दार उघडलं, पलीकडे गेला, दार लागलं. नावं सुरू झाली.

"उजवं!" कंडक्टर फेसातून म्हणाला. "राहिला की हो!"

"राहिला," धाकटे म्हणाले.

आनंद व्हायला हवा होता. दादाशी घातलेली पैज जिंकलो, असं त्यांनी मनाशी म्हणून बघितलं. काही हललं नाही. त्यांनी कंडक्टरची दाढी पुरी केली, तुरटी फिरवली, दार ओढून घेतलं आणि वहिनींकडे गेले.

वहिनी भाजी निवडत होत्या. धाकटे उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, राहिला तो. खुर्चीचं आत्ता नको."

"कोण राहिला?"

"मालिकेतला बाप. उजव्या दारानं गेला."

वहिनींनी मान वर केली. "नाही हो भावोजी. मीही आत्ताच बघितला. डाव्यानं गेला तो. गेला."

"अहो, मी या डोळ्यांनी..." धाकटे बोलता बोलता थांबले.

वहिनींच्या हातातली जुडी तशीच राहिली. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही आरशात बघितलंत."

उलटं रे, उलटं. त्या दुकानात एवढी मोठी चूक झाली आणि कोणी ओरडलं नव्हतं. पैज दादानं जिंकली होती, आणि मिरवायला तो नव्हता. 'गाढवा' म्हणायलासुद्धा नव्हता.

"भावाला उद्यापासून पाठवा," धाकटे म्हणाले. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. यांचे डोळे कोरडेच होते.

दुकानात परत आल्यावर ते पहिल्यांदाच दादाच्या खुर्चीत बसले. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. खालून सरकणारी अक्षरं सरळ होती, वाचता येत होती. इतकी वर्षं दादा हे असं बघत होता. चांगलं दिसत होतं इथून.

दारात कोणीतरी खाकरलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं जुनं गिऱ्हाईक, खास थोरल्यांचं. त्यानं आत डोकावून विचारलं, "आज थोरले नाहीत?"

धाकटे उठले. फडक्यानं खुर्ची पुसली, दोन्ही हातांनी धरली आणि फिरवून आरशाकडे केली.

"दादा गेला," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "बसा."