पोचल्या का गाड्या?

शबाना गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी तिच्याच वर्गावर होते. तिसरीची पोरं धडा वाचत होती आणि मागच्या भिंतीवर तिची शर्यत थांबलेली होती... मी थांबवलेली.

ढोकीजवळच्या आमच्या शाळेत आम्ही दोघी कित्येक वर्षं शेजारच्या वर्गांवर. बर्फाच्या मुलखात कुत्री घसरगाड्या ओढतात, त्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती होतात, असं तिनं कुठंसं वाचलं आणि भिंतभर पांढरा कागद चिकटवला. पुठ्ठ्याच्या गाड्या, पुढं पुठ्ठ्याचीच कुत्री, एकेका गटाची एकेक गाडी. गटातल्या सगळ्यांना गोष्ट वाचता आली की गाडी एक मुक्काम पुढं. बर्फ म्हणजे बाजारातला गोळा, एवढंच ठाऊक असलेल्या पोरांनी कुत्र्यांना नावं दिली वाघ्या, मोत्या, काळू. पूजा वाचताना अडखळायची, तिच्यामुळं गाडी मागं राहते म्हणून गटातली पोरं कुरकुरली. शबाना म्हणाली, "एक कुत्रं दमलं तर सगळी थांबतात रे. त्याला सोडून पळत न्हाईत." दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत पोरंच पूजाचं वाचन घेऊ लागली.

मग ती आजारी पडली, वर्ग माझ्याकडं आला. गाड्या शेवटच्या मुक्कामाजवळ आल्या आणि मी त्या रोखल्या. वाटलं, शर्यत बाकी असली की तिला परत यायची ओढ राहील. सोलापूरच्या दवाखान्यात भेटायला गेले, तर पहिलं तिनं तेच विचारलं.

"कोण पोचलं गं, सुरेखा?"

"तू आल्याशिवाय कुणीच पोचणार न्हाई."

ती हसली. "अगं, बर्फात उभं नको करू त्यांना. गारठतील." मीही हसले... ती नुसती गंमत करत नव्हती, हे मला कळायला हवं होतं.

ती गेल्यावर काही दिवसांनी मी शेवटची गोष्ट वाचून घेतली. पूजाच्या गटाची गाडी दुसरी आली. टाळ्या वाजल्या आणि लगेच थांबल्या. पूजानं विचारलं, "आता बाईंना कोण सांगणार?"

शाळा सुटल्यावर तिला घेऊन शबानाच्या घरी गेले. तिच्या अम्मींना पूजानं सगळं सांगितलं, कुठली गाडी कुठं अडली, कोण कुणाच्या पुढं गेलं. अम्मींनी मन लावून ऐकलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बरं केलंस बेटी. शेवटी शेवटी शबाना लई इचारायची, पोचल्या का गाड्या. आमी आपलं म्हणायचो, पोचल्या. तर म्हणायची, न्हाय अम्मी... सुरेखा माझी वाट बघत थांबली असंल."

खोलीत शबानाची खुर्ची होती. अम्मी मला बस म्हणाल्या. मला बसवेना.