मधोमध उभे राहणारे मामाजी

सायकल चालवता येणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण ती उभी कशी करावी हे कळलेला माणूस एकच, आणि तो माझा मामेसासरा आहे. मामाजींचं म्हणणं असं, की चालती सायकल सगळ्यांना दिसते, उभी असलेली कोणालाच दिसत नाही. माजरीच्या कोळसा खाणीत त्यांनी सत्तावीस वर्षं डंपर चालवला. घराच्या छपराएवढ्या उंचीवरून जग पाहिलं आणि निवृत्त झाल्यावर खाली उतरले ते थेट सायकलवर.

रेल्वे फाटक पडलं की तुम्ही-आम्ही काय करतो? डावीकडच्या फटीतून सरकत ट्रकच्या चाकाशी जाऊन उभे राहतो. मामाजी मात्र गाड्यांच्या रांगेत, रस्त्याच्या मधोमध, आपलंही वाहन चौदा चाकी असल्याच्या थाटात उभे राहत. मग मागे वळून ड्रायव्हरकडे हात वर करत आणि त्यानं हात वर केल्याशिवाय आपला खाली घेत नसत. खाणीत डंपरसमोरून जायचं तर ऑपरेटरनं 'पाहिलं' अशी खूण द्यावी लागते. मामाजींनी तो नियम अख्ख्या जिल्ह्याला लावला. कोणी हॉर्न वाजवला तर खिडकीशी जाऊन शांतपणे विचारत, "हॉर्न मस्त आहे भाऊ तुमचा. पण मी दिसून राह्यलो का, थे सांगा." एकदा मागचा ट्रकवाला स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता. फाटक उघडलं, पुढच्या गाड्या गेल्या, मामाजी हात वर करून तसेच. मागच्या रांगेनं एवढा गोंगाट केला, की तो बिचारा दचकून उठला आणि समोर हात वर केलेला म्हातारा पाहून त्यानं दोन्ही हात वर केले. तोवर फाटक पुन्हा पडलं होतं.

मी एकदा त्यांच्याबरोबर बाजाराला जाताना फाटकाशी सवयीनं डावीकडे शिरलो, तर त्यांनी मागून माझं कॅरिअर धरलं. "जवाईबापू, तिथी तुमी त्याले दिसत नाई. वरून पाह्यलं तर तिथी माणूसच नसते." मला ते पटलं नाही असं त्यांना वाटलं असावं. कारण पुढच्याच महिन्यात भाच्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला मुंडावळ्यांसकट वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि खाली पाच सायकली उभ्या केल्या. "किती दिसून राह्यल्या?" "दोन, मामा." मग आम्हा सगळ्यांना एकेक करून वर चढवलं. मुहूर्त टळला. नवरीचे वडील तणतणत बोलवायला आले, तेही वर चढून सायकली मोजून आले, तेव्हा कुठे अक्षता पडल्या. आम्ही पोट धरून हसलो, पण त्यानंतर डावीकडे शिरायची माझी छाती झाली नाही.

हे वेड कुठून आलं ते मामींनी सांगितलं. खाणीत एकदा त्यांचा डंपर एका उभ्या सायकलवरून गेला होता. सायकलवाला चहाला गेला होता म्हणून वाचला. वर बसलेल्या मामाजींना धक्काही कळला नाही. खाली उतरल्यावर लोकांनी ती चपटी सायकल दाखवली, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत.

यंदा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं, आणि गेलं ते परत येणार नाही. सायकल सोडा म्हणून त्यांच्या मुलानं सांगून पाहिलं, माझ्या बायकोनं रडून पाहिलं. ऐकेनात, म्हणून शेवटी मला पाठवलं. वाटेत मी सगळं भाषण पाठ करत गेलो. ते अंगणात सायकल पुसत बसले होते. मला काही बोलू न देता म्हणाले, "काल गल्लीत एक पोरगी माह्या हँडलले लागली. बाजूनं चालली होती, मले दिसलीच नाई. कोपर खरचटलं तिचं." मग फडकं खाली ठेवलं. "आता मीच डंपर झालो, जवाईबापू. घेऊन जा हे." पाठ केलेलं भाषण तसंच ठेवून मी सायकल हातात घेतली.

माझं घर फाटकापलीकडे. तिथपर्यंत ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत आले. फाटक बंदच होतं. "मधात उभे राहा," एवढंच म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला थांबले. मी मागे वळून हात वर केला. ट्रकवाल्यानंही केला. "दिसलो," मी त्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी समाधानानं मान हलवली. फाटक उघडल्यावर मी रूळ ओलांडले, पलीकडे बाजूच्या पानटपरीशी सायकल लावली आणि त्यांच्याकडे पाहून हात हलवला. पुष्कळ वेळ हलवत राहिलो. ते मलाच शोधत होते, पण नाकासमोरच्या सरळ रस्त्यावर.